मुक्कामी गाडीतलं राज्यशास्त्र

मी एसटीत कंडक्टर होतो. अहेरी आगार, गडचिरोली जिल्हा, १९८६ ते २०१८. गाव मूळचं ब्रह्मपुरीकडचं, झाडीपट्टीतलं. घर आता आलापल्लीत. इथल्या चौकातून सिरोंच्याकडे निघालं की गाडीत तेलुगू ऐकू येते, भामरागड-एटापल्लीकडे माडिया, मुलचेऱ्याकडे बंगाली आणि आष्टी-चामोर्शीकडे आमची झाडी मराठी, जिला पुण्याकडचे लोक मराठी मानायला सहसा तयार नसतात. नोकरी करता करता मी नागपूर विद्यापीठातून बहिःस्थ एम.ए. केलं, विषय राज्यशास्त्र. एक पेपर शेजारच्या देशांवर होता. गाइडमध्ये सोळा गुणांचा ठरलेला प्रश्न: ‘नवस्वतंत्र देशांतील वांशिक राजकारण आणि राष्ट्रीय विकास यांचा संबंध स्पष्ट करा.’ मी तो पाठ केला, लिहिला आणि त्या पेपरात शंभरपैकी एकेचाळीस गुण मिळवले. संबंध स्पष्ट व्हायला पुढची पंचवीस वर्षं लागली. पुरता झाला असं आजही म्हणवत नाही.

१. यादी करणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागलेलं असतंच

१९९४च्या पावसाळ्यात भामरागडची मुक्कामी गाडी घेऊन गेलो आणि पर्लकोट्याच्या पुलावरून पाणी गेलं. तीन दिवस अडकलो. सोबत अठ्ठावीस माणसं: एक तेलुगू किराणावाला, मासळीच्या टोपल्या घेतलेले दोघे बंगाली, बदली होऊन आलेले गुरुजी, बाकीचे बरेचसे माडिया. दुसऱ्या दिवशी गावातल्या कोणी खिचडीची सोय केली आणि म्हणाले, कंडक्टरसाहेब, नावं लिहून द्या, तेवढ्यांचं शिजवतो.

मी वेबिल काढलं आणि तिकिटांच्या हिशोबानं नावं उतरवली. पंगत बसली तेव्हा पाच माडिया बाया भिंतीला टेकून बसून राहिल्या. त्या बाजाराला पायी आल्या होत्या, परतीचं तिकीट अजून काढायचं होतं. म्हणजे माझ्या कागदावर त्या नव्हत्याच. त्यांनी काही मागितलं नाही, मला काही दिसलं नाही. आमचा ड्रायव्हर राजुऱ्याचा, मुसलमान, तोंडाचा फाटका. तो म्हणाला, “काहून मास्तर, पुरात काय तिकीट पाहून बुडतेत का मानसं?”

त्या रात्री कंदिलाच्या उजेडात मी सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, १९४८चा नागरिकत्व कायदा वाचत होतो. स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटायच्या आत त्या देशानं चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या लाखो तमिळ मजुरांना नागरिकांच्या यादीबाहेर ठेवलं. कारण साधं होतं, बापजाद्यांच्या जन्माचे कागद दाखवा. मळ्यातल्या मजुराकडे कुठले कागद? गाइडमध्ये हे तीन ओळींत होतं. आदल्या वाचनात मी त्यांच्याखाली रेघ मारून पुढं गेलो होतो.

२. भाषेचं राजकारण भाषणात कमी, खिडकीवर जास्त

१९५६ साली सिलोनमध्ये बंदरनायके निवडून आले आणि सिंहली हीच एकमेव राजभाषा झाली. कोलंबोच्या कचेरीतल्या तमिळ कारकुनाला नोकरी टिकवायची तर सिंहलीची परीक्षा पास व्हायला लागली. जाफन्यातल्या म्हातारीला सरकारी कागद आला तर तो वाचून दाखवायला माणूस शोधावा लागला. तिथून १९८३ची कत्तल आणि २००९ साली संपलेलं युद्ध इथवरचा रस्ता लांब आहे, मध्ये बरीच वळणं आहेत. सुरुवात मात्र खिडकीवरच झाली.

मी नवीन असताना माडिया माणसाला मराठीत मोठ्यानं विचारायचो, “कुठं जायचं?” तो गप्प. मी आणखी मोठ्यानं. जणू आवाज चढवला की मराठी समजते. तो शेवटी मूठभर चिल्लर पुढं करायचा, मी हवे तेवढे पैसे वेचून घ्यायचो. तो मोजत नसे. विश्वास होता म्हणून नाही, मोजून सांगायचं कोणाला म्हणून. सहा महिन्यांनी मी गावांची नावं, आकडे आणि दोन-चार वाक्यं शिकलो. तेलुगू, बंगाली तर कामचलाऊ येऊ लागली, “एक्कडिकी?” आणि “कोथाय जाबेन?” एवढ्यावर गाडी चालते.

गोंडी बोलणारे २०११च्या जनगणनेत २९ लाखांहून जास्त आहेत. अनेक राज्यांत विभागलेले, कुठंच बहुसंख्य नाहीत, आणि आठव्या अनुसूचीत ही भाषा नाही. २०१९ साली धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली तर तिला मान्यतेसाठीच झगडावं लागलं. १९८०पासून प्राणहिता ओलांडून आलेल्या दादालोकांनी, म्हणजे नक्षलवाद्यांनी, ही भाषा आधी शिकून घेतली, कचेऱ्यांच्या कितीतरी आधी. त्या भाषेत त्यांनी पुढं काय काय केलं हे इथल्या घराघराला ठाऊक आहे. ज्यांना खबऱ्या म्हणून मारलं त्यांत बहुतेक आदिवासीच होते. पण शिकून घेतली, हे खरं.

३. १९६४

मुलचेऱ्याच्या गाडीला एक बंगाली मावशी नेहमी असायची. भाजीची बोचकी घेऊन आलापल्लीच्या बाजाराला. मला ‘दादा’ म्हणायची, वयानं माझ्या आईएवढी असूनही. तिचं माहेर-सासर दोन्ही खुलन्याकडचं, पूर्व पाकिस्तानातलं. एकदा गाडी पंक्चर झाली तेव्हा रस्त्याच्या कडेला बसून तिनं सांगितलं. घर सोडलं, सीमा ओलांडली, रायपूरजवळ माना कॅम्पात राहिले, मग एक दिवस ट्रकमध्ये बसवलं आणि या जंगलात आणून उतरवलं. “नदीची माणसं आम्ही. इथं बघावं तिकडं सागच साग.” आज सुंदरनगर, विवेकानंदपूर अशा नावांची गावं तिथं आहेत, भात होतो, मासळी होते.

ती विचारायची, आमचं चुकलं काय होतं? उत्तर माझ्या गाइडमध्ये होतं, तिला सांगायची लाज वाटली. डिसेंबर १९६३ मध्ये श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातला पवित्र केस नाहीसा झाला. आठ-दहा दिवसांत तो सापडलासुद्धा. पण तोवर दोन हजार किलोमीटरवर खुलन्यात हिंदूंची घरं पेटली होती, आणि त्याचा सूड म्हणून मग कलकत्त्यात मुसलमानांची. केस काश्मीरचा, आग बंगालची, आणि मावशी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात.

मग लक्षात आलं की १९६४ हे साल त्या पुस्तकात पानोपानी आहे. त्याच वर्षी कप्ताई धरणानं उठवलेले चकमा चितगावच्या डोंगरांतून निघून आत्ताच्या अरुणाचलात आले. त्याच सुमाराला ब्रह्मदेशात ने विनच्या लष्करी सरकारनं दुकानं-पेढ्या ताब्यात घेतल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या रंगूनला राहिलेले भारतीय रिकाम्या हातानं जहाजात बसले. आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि सिरीमावो बंदरनायके यांनी करार करून मळ्यातले तमिळ वाटून घेतले: सव्वापाच लाख भारतानं न्यायचे, तीन लाख सिलोननं ठेवायचे. माणसं, आकड्यात. ज्यांना वाटून घेतलं त्यांना कोणी विचारल्याची नोंद मला कुठं सापडली नाही.

चार देश, चार वेगळी कारणं. एक गोष्ट सारखी. नवं राष्ट्र उभं करायचं, भराभर विकास करायचा, तर ‘आपलं कोण’ हे आधी ठरवून टाका, अशी सगळ्यांनाच घाई झाली होती.

मावशीच्या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे, ती मला एटापल्लीच्या गाडीत एका माडिया गृहस्थानं ऐकवली. ते लोक आले तेव्हा जंगल तोडून त्यांना जमीन काढून दिली. तिथं आमची गुरं चरायची. आम्हाला कोणी विचारलं? मी दोघांचीही तिकिटं फाडली. दोघांचंही खरं होतं.

४. आत आलेला प्रवासी दार लावून घेतो

हे कोणत्याही कंडक्टरला विचारा. बाजाराचा दिवस, गाडी गच्च. खाली उभा असलेला माणूस हात जोडतो, “भाऊ, एकालाच घ्या, पायरीवर उभा राहतो.” घ्यावं त्याला. दोन थांबे गेले की तोच आतून ओरडतो, “आता कोनाले घेऊ नका ना बाप्पा, जागा कुठं हाय?”

याचं सगळ्यात मोठं उदाहरण बांगलादेश. उर्दूच्या सक्तीविरुद्ध २१ फेब्रुवारी १९५२ला ढाक्यात पोरांनी गोळ्या खाल्ल्या, १९७१ला देश वेगळा झाला. भाषेसाठी इतकी किंमत मोजलेला देश! आणि १९७२ साली त्याच देशाची घटना लिहिताना सगळ्या नागरिकांना ‘बंगाली’ म्हणायचं ठरलं. चितगावच्या डोंगरातले मानवेंद्र नारायण लारमा सभागृहात उठून सांगत होते की मी बांगलादेशी आहे, पण बंगाली नाही, चकमा आहे. ऐकलं नाही कोणी. त्याच लोकांची चाळीस टक्के सुपीक जमीन आधी पाकिस्तानच्या काळात कप्ताईच्या पाण्याखाली गेली होती, लाखभर माणसं उठली होती. वीज मात्र कारखान्यांना. पुढं वीसेक वर्षं त्या डोंगरांत बंदुका चालल्या. करार व्हायला डिसेंबर १९९७ उजाडलं.

हे वाचून मी मनातल्या मनात बांगलादेशावर बराच रागावलो होतो. मग आपल्या दाराशी तेच पाहिलं.

तेलंगणाचं आंदोलन आमच्या सिरोंच्याच्या गाडीत रोज ऐकू यायचं. नीळ्ळु, निधुलु, नियामकालु. पाणी, पैसा, नोकऱ्या. आमचं पाणी दुसरे नेतात, आमच्या नोकऱ्या दुसरे खातात, ही तक्रार आणि ती खोटीही नव्हती. २ जून २०१४ला राज्य झालं. पाच वर्षांत त्या राज्यानं गोदावरीवर मेडीगड्ड्याचा बॅरेज बांधला, २१ जून २०१९ला उद्घाटन झालं, आपले मुख्यमंत्रीही हजर होते. बॅरेजचं एक टोक तेलंगणात, दुसरं सिरोंचा तालुक्यात. पाणी तिकडच्या शेताला आणि फुगवटा इकडच्या. ज्यांच्या शेतात पाणी शिरलं ते तेलुगूच बोलतात, तिकडं त्यांच्या सोयरिकी आहेत. माझी नोकरी चालू असतानाच त्यांतला एक शेतकरी तिकीट घेताना म्हणाला होता, “आमच्या बोलीचं राज्य झालं, आम्ही तेवढे बाहेर राहिलो.” ऑक्टोबर २०२३मध्ये त्या बॅरेजचे खांब खचले तेव्हा मी रिटायर होऊन पाच वर्षं झाली होती, बातमी वाचली आणि पहिल्यांदा तोच आठवला.

इथं एक गोष्ट सांगायची राहते, ती आपल्या बाजूची आहे. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे होते, अहेरीचे राजे विश्वेश्वरराव आत्राम होते. ती धरणं झाली नाहीत. नाहीतर आमच्याकडेही एक कप्ताई झालं असतं आणि मी कुठल्या तरी तलावाच्या काठापर्यंतच गाडी नेली असती.

५. जोगेंद्रनाथ मंडल हे नाव शाळेत शिकवायला हवं

१९४६ साली बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून घटना समितीत जाता आलं नाही. ते बंगालमधून निवडून गेले आणि त्यासाठी खटपट करणारे होते जोगेंद्रनाथ मंडल, नामशूद्र समाजाचे पुढारी. फाळणी झाली तेव्हा मंडल पाकिस्तानात राहिले. दलित आणि मुसलमान शेतकरी यांचं दुखणं एकच, असा त्यांचा हिशोब. पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. १९५० साली राजीनामा देऊन भारतात परत आले.

मुलचेरा-चामोर्शीकडच्या निर्वासितांत पुष्कळजण नामशूद्र. बंगालमध्ये ही जात अनुसूचित आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे ज्या समाजाच्या पुढाऱ्यानं घटनाकारांना घटना समितीत पोचवलं, त्या समाजाच्या पोराला बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात जातीचा दाखला मिळत नाही. मावशीचा नातू हे मला सांगत होता, तेव्हा माझ्या गळ्यात अजून तिकिटाचं मशीन होतं आणि मागं तीन माणसं उभी होती. मी म्हटलं, अर्ज करत राहा. दुसरं काय म्हणणार?

६. पुस्तकातला अन्याय घरात आला की त्याचं नाव बदलतं

माझा मुलगा १९९०चा, आलापल्लीतच जन्मलेला. माडिया त्याला माझ्यापेक्षा चांगली येते. आम्ही कुणबी, ओबीसी. जिल्ह्याच्या नोकरभरतीत ओबीसींचा वाटा १९ टक्क्यांवरून ६वर आलेलाच होता. २०१४च्या जूनमध्ये अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदं स्थानिक आदिवासींसाठी राखून ठेवणारी अधिसूचना निघाली. मुलगा दोन वर्षं तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. त्यानं पुस्तकं गठ्ठ्यात बांधली आणि मला म्हणाला, “बाबा, तुमच्या त्या लंकेत असंच झालं होतं ना?”

झालं होतं. १९७१पासून तिथं विद्यापीठाच्या प्रवेशाला तमिळ मुलांना सिंहली मुलांपेक्षा जास्त गुण लागायला लागले. त्यातली कितीतरी पोरं पुढं जंगलात गेली. मलेशियात १९६९च्या दंगलीनंतर, १९७१ला, नवं आर्थिक धोरण आलं. भूमिपुत्र म्हणजे मुख्यतः मलायी, त्यांच्यासाठी नोकऱ्या, शिक्षण, भांडवल राखीव. चिनी दुकानदाराचा मुलगा तिथंच जन्मून भूमिपुत्र नाही.

मी पहिल्यांदा मुलाशीच सहमत झालो. खोटं कशाला बोलू, मोर्चालाही गेलो. नंतर नीट बघितलं. लंकेत आणि मलेशियात ज्यांच्या हातात सत्ता होती, संख्या होती, त्यांनी स्वतःसाठी यादी केली. इथं ज्यांच्यासाठी यादी केली ते जिल्ह्यातसुद्धा सुमारे ३९ टक्के आणि राज्यात कुठल्या कोपऱ्यात. हा फरक मोठा आहे. पण फरक समजला म्हणून मुलाची दोन वर्षं परत येत नाहीत, आणि त्याला तो फरक समजावून सांगायला बापच हवा होता, दुसरं कोणी आलं नाही.

एक दिवस एटापल्लीला एका नव्या ग्रामसेवकाला पाहिलं. माडिया पोरगा, मोटारसायकलवर बसूनच एका म्हातारीशी बोलत होता. ती त्याला झापत होती. इतकी वर्षं त्या रस्त्यानं ये-जा केली, सरकारी माणसाला माडिया बाईनं झापताना त्याआधी पाहिलं नव्हतं. घरी येऊन मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “असन.” त्याचं आता चौकात मोबाइलचं दुकान आहे. सूरजागडहून लोहखनिज घेऊन येणाऱ्या ट्रकचे ड्रायव्हर त्याचं मोठं गिऱ्हाईक. त्या पहाडावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे, दरवर्षी जत्रा भरते. ट्रक चौकातून जातात तेव्हा दुकानातल्या काचा थरथरतात. तो हिशोब थांबवत नाही.

७. ‘आपण’ म्हणायला व्याकरण पुरत नाही

मराठीत ‘आम्ही’ वेगळं, ‘आपण’ वेगळं. ऐकणाऱ्याला धरून की सोडून, ते शब्दातच कळतं. तेलुगूतही तसंच, मेमु आणि मनं. हिंदीत, बंगालीत ही सोय नाही. तरी सभेत माइकवर मी जास्त वेळा ‘आम्ही’च ऐकलं आहे, कुठल्याही भाषेत. मेंढा-लेखा या गावाचं ‘मावा नाटे माटे सरकार’, आमच्या गावात आम्हीच सरकार, हे मला आवडतं, कारण तिथं आधी सगळं गाव बसतं आणि एकमतानं ठरवतं. २००९ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, बांबू स्वतः विकू लागले. पण तिथंही गाव लहान आणि बहुतेक एकाच जमातीचं. आलापल्लीच्या चौकात सगळ्यांना गोल बसवून एकमत करायचं तर कंडक्टरच लागेल.

८. अर्धं तिकीट

१ जानेवारी २०२५ला अहेरीहून गर्देवाड्याला पहिली एसटी सुटली. मुख्यमंत्री स्वतः बसले होते. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाली होती. पाकिस्तान फुटून बांगलादेश झाला होता, लंकेचं युद्ध सुरू होऊन संपलं होतं. त्या रस्त्यावर मी कधी गाडी नेली नव्हती, म्हणून उन्हाळ्यात एकदा प्रवासी म्हणून गेलो. पासष्टी झाली, अर्धं तिकीट.

शेजारी एक माडिया म्हातारा येऊन बसला. मोडक्या मराठीत आणि माझ्या मोडक्या माडियात बोलणं झालं. कंडक्टर पोरगी होती. तिनं त्याचं आधार कार्ड मागितलं. जन्मतारीख १ जानेवारी, सालाच्या हिशोबानं सदुसष्ट. माझ्या कार्डावर १ जून. आमच्या पिढीला गुरुजींनी घाऊक भावात दिलेली तारीख. म्हातारा मला सांगत होता की बंगाली लोकांचे ट्रक आले तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं, पहिलं पोर कडेवर होतं. मी मनात वजाबाकी केली. माणूस ऐंशीच्या पुढचा होता. पंच्याहत्तरच्या वर एसटी फुकट.

पोरगीला मी तसं म्हटलं. ती हसली, म्हणाली, “काका, मले बी दिसते ना. पन कार्डावर?”

म्हाताऱ्याला आमचं बोलणं कळलं की नाही कोण जाणे. त्यानं कनवटीची पुरचुंडी सोडली, नोटा काढल्या, अंगठ्यानं एकेक वेगळी करत स्वतः मोजल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या.